आधी आत काय येतंय ते बघा, मग मोड बदला

देवगडजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या भावाने गणपतीला येताना आपला जुना ५.१ रिसीव्हर (आवाज आत घेऊन स्पीकरना वाटून देणारा डबा), पाच स्पीकर आणि सबवूफर आणून दिला; ५.१ मधले पाच ते हे स्पीकर आणि .१ म्हणजे खर्जाचा सबवूफर. रिसीव्हर प्रो लॉजिक टू आणि निओ सिक्स या जुन्या मोडच्या काळातला आहे आणि टीव्हीला एचडीएमआय एआरसीने, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून रिसीव्हरकडे परत आणणाऱ्या सोयीने, जोडलेला आहे. रिमोटवर डझनभर मोड आहेत. मागच्या स्पीकरमधून काहीच येत नव्हतं म्हणून मल्टी चॅनल स्टीरिओ लावून ठेवला. आता आवाज चहूबाजूंनी येतो, पण आई म्हणते, "ते काय बोलतत ता माका ऐकाक येना नाय." नेमका कुठला मोड लावायचा, आणि हे सगळं बाजूला ठेवून ॲटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारा, नवा रिसीव्हर घ्यावा का?

तुमच्या आईचं म्हणणं खरं आहे आणि त्यात तिच्या कानांचा काही दोष नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला जवळजवळ खात्री वाटते की तुमच्या रिसीव्हरपर्यंत ५.१ आवाज पोचतच नाहीये. टीव्ही त्याला दोनच चॅनल देतोय, आणि मल्टी चॅनल स्टीरिओ तेच दोन चॅनल पाचही स्पीकरना वाटून देतोय. सिनेमातला माणूस पुढे पडद्यावर बोलतोय आणि त्याचं तेच वाक्य आईच्या डोक्यामागूनही येतंय. ती मागच्या भिंतीला टेकून बसत असेल तर मागचा स्पीकर तिला पुढच्यापेक्षा जास्त जवळ. मग शब्द कसे लागायचे?

मी कुडाळला असतो. वीसेक वर्षं सावंतवाडीपासून विजयदुर्गापर्यंत घराघरांत अशा सिस्टीम बसवतोय. त्याआधी दशावतारी नाटकांबरोबर माइक, हॉर्न आणि ॲम्प्लिफायर घेऊन रात्री जागवल्या. कोणाच्याही घरी गेलो की मी पहिल्यांदा रिमोट हातात घेत नाही. रिसीव्हरच्या डिस्प्लेसमोर उकिडवा बसतो आणि आत काय येतंय ते वाचतो. डिस्प्लेच्या एका कोपऱ्यात येणाऱ्या सिग्नलचं नाव असतं: पीसीएम (न आवळलेला साधा डिजिटल आवाज), डॉल्बी डिजिटल, डीटीएस. बऱ्याच रिसीव्हरवर त्याच्या शेजारी छोटे चौकोन असतात, डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि एलएफई, म्हणजे सबवूफरचा खर्ज. जेवढे चौकोन पेटले तेवढे चॅनल आत आले. तुमच्याकडे तिथे पीसीएम आणि दोनच चौकोन दिसतील अशी माझी अटकळ आहे.

रिमोटवरच्या डझनभर मोडना घाबरायचं कारण नाही. त्यांची कामं तीनच प्रकारची आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की सगळा घोळ होतो.

पहिलं काम डिकोडिंगचं. आवाज आधीच वेगवेगळ्या चॅनलमध्ये बांधून आलेला आहे, रिसीव्हरने फक्त गाठोडं सोडून ज्याचा त्याला द्यायचा. डॉल्बी डिजिटल, डीटीएस, ट्रूएचडी ही सगळी अशी गाठोडी. दुसरं काम अपमिक्सचं. आत दोनच चॅनल आलेत, त्यांतून कुठला आवाज मधला, कुठला मागचा हे रिसीव्हरने ओळखून पाच स्पीकरवर मांडायचं. प्रो लॉजिक टू, निओ सिक्स, आणि नव्या रिसीव्हरमधले डॉल्बी सराउंड आणि न्यूरल एक्स हे या कामाचे. तिसरं काम नुसत्या इफेक्टचं: हॉल, स्टेडियम, जॅझ क्लब, चर्च. इथे मुळात नसलेला घुमारा वरून ओतला जातो. तुमचा मल्टी चॅनल स्टीरिओही याच रांगेतला. तो काही ओळखत नाही आणि काही वेगळं करत नाही.

आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घ्या. रापण ओढून झाली की वाळूवर मासळीचा एकच ढीग पडतो. मग बांगडा वेगळा, तारली वेगळी, सुंगटं वेगळी, असं निवडावं लागतं. अपमिक्स म्हणजे ही निवड. निवडणारा हात सराईत असेल तर टोपल्या छान भरतात, तरी एखादी तारली बांगड्यात जाणारच. डॉल्बी डिजिटल ५.१ म्हणजे मासळी बाजारात आधीच टोपल्या लावून आलेली. तिथे निवडायला बसायची गरजच नाही, नुसत्या टोपल्या उतरवून घ्यायच्या. म्हणून आत ५.१ येत असेल तेव्हा अपमिक्स नको, आणि दोनच चॅनल येत असतील तेव्हा साध्या डिकोडिंगमधून मागे काही येणार नाही. तुमचे मागचे स्पीकर गप्प होते ते एवढ्याचसाठी. ते बिघडलेले नव्हते.

ही निवड कशी होते ते जरा खोलात सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की मोडची नावं पाठ करावी लागत नाहीत.

सत्तरच्या दशकात ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला ऑप्टिकल आवाजासाठी जेमतेम दोन पट्ट्यांची जागा होती, आणि थिएटरला हवे होते चार आवाज: डावा, मधला, उजवा आणि मागचा. डॉल्बी स्टीरिओने ते चार आवाज दोन पट्ट्यांत कोंबले. मधला आवाज, म्हणजे मुख्यतः संवाद, दोन्ही पट्ट्यांत सारखाच घातला, प्रत्येकी ३ डेसिबल कमी करून. मागचा आवाजही दोन्हींत घातला, पण एकीत पुढे ढकललेला आणि दुसरीत मागे ओढलेला, म्हणजे दोन पट्ट्यांत तो एकमेकांच्या अगदी उलटा. आता उलट बाजूने या. डावा आणि उजवा यांची बेरीज केली की सारखं असलेलं बळावतं, ते मधल्या स्पीकरला. वजाबाकी केली की सारखं असलेलं उडून जातं आणि उलटं असलेलं उरतं, ते मागे. दोन चॅनलमधून जास्त आवाज काढायच्या या कामाला मॅट्रिक्स डिकोडिंग म्हणतात, आणि त्याच्या मुळाशी ही बेरीज-वजाबाकी आहे.

नुसत्या बेरीज-वजाबाकीने नीट वेगळं होत नाही. एका स्पीकरचं शेजारच्यात झिरपत राहतं. १९८२ मध्ये घरांसाठी डॉल्बी सराउंड आलं (नव्या रिसीव्हरमधला त्याच नावाचा मोड वेगळा) तेव्हा ते असंच होतं. १९८७ च्या प्रो लॉजिकने त्यात हुशारी घातली. या क्षणी सगळ्यात ठळक आवाज कुठल्या दिशेचा आहे ते ओळखायचं आणि बाकीच्या स्पीकरमधून तो दाबायचा. त्यातही मागचा आवाज एकच होता, दोन्ही स्पीकरना तोच, आणि वरचा पल्ला ७ हजार हर्ट्झला कापलेला. २००० साली जिम फॉसगेट या अमेरिकी ऑडिओ इंजिनिअरच्या कामातून प्रो लॉजिक टू आलं, तेव्हा मागे डावा-उजवा असे दोन वेगळे आणि पूर्ण पल्ल्याचे आवाज मिळाले. तुमच्या रिसीव्हरमध्ये तेच आहे. जुनं म्हणून त्याला कमी लेखू नका. स्टीरिओ गाण्यांसाठी मला ते आजही आवडतं.

हे पटवून घ्यायचं असेल तर एक प्रयोग करा. चांगलं रेकॉर्डिंग असलेलं एखादं स्टीरिओ गाणं लावा, मोड प्रो लॉजिक टू म्युझिक. आधी मधल्या स्पीकरला कान लावा, गायक तिथे ठळक असेल. मग मागच्याला लावा. गायक जवळजवळ नाहीसा झालेला असेल आणि त्याच्या मागचा घुमारा, व्हायोलिनचा ताफा, असं काहीबाही ऐकू येईल. हे कोणी नव्याने घातलेलं नाही, गाण्यातच होतं आणि वजाबाकीने उघडं पडलं. हाच प्रयोग स्टेडियम मोडमध्ये केलात तर मागच्या स्पीकरमध्ये गायक उशिराने येऊन परत गाताना सापडेल. दोन्हींतला फरक मग समजावून सांगावा लागत नाही.

ही बेरीज-वजाबाकी कधी कधी चुकतेही. मालवणला एका घरात वडिलांनी जपलेल्या भजनांच्या कॅसेट होत्या. मुलाने डेक थेट रिसीव्हरला जोडला, प्रो लॉजिक लावलं, आणि मला फोन केला की बुवा समोर गातात पण त्यांचा 'स' आणि 'श' मागच्या भिंतीतून येतो. त्यांना रिसीव्हर बिघडला असं वाटत होतं. बिघाड डेकच्या हेडमध्ये होता, ते किंचित तिरकं झालेलं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे ८ हजार हर्ट्झच्या आवाजाची एक पूर्ण लाट फितीवर फक्त ०.००६ मिलिमीटर लांबीची. हेड केसभर तिरकं झालं तरी डाव्या-उजव्या चॅनलमध्ये बारीक आवाज मागेपुढे होतात. जे सारखं असायला हवं ते उलटं भासतं आणि डिकोडर ते इमानेइतबारे मागे पाठवतो. जुन्या प्रो लॉजिकने मागचा आवाज ७ हजार हर्ट्झला का कापला आणि थोडा उशिरा का सोडला, याचं एक कारण हेच गळणारे 'स-श' झाकणं. हेडचा स्क्रू फिरवून सरळ केल्यावर बुवा सगळेच्या सगळे समोर आले. मोनो मूळ असलेली काही जुनी गाणी नंतर नकली स्टीरिओ करून काढली गेली, त्यांतही असंच होतं. तिथे अपमिक्स बंद करून साधा स्टीरिओ ठेवावा.

उलट, अस्सल मोनो सिनेमा प्रो लॉजिक टूमध्ये लावलात तर सगळा आवाज मधल्या एका स्पीकरमध्ये गोळा होईल. कारण डावं आणि उजवं तंतोतंत सारखं आहे, वजाबाकीत शून्य उरतं. काळ्या-पांढऱ्या काळातले मराठी सिनेमे आई लावत असेल तर असं झालं म्हणून घाबरू नका. ते बरोबर आहे, आणि शब्द ऐकायला तर उत्तमच.

आता तुमच्या टीव्हीकडे येतो, कारण पहिली दुरुस्ती तिथे आहे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट अशी ओळ असते. ती पीसीएमवर असेल तर साध्या एआरसीमधून दोनच चॅनल बाहेर पडतात, आत कितीही आलेले असोत. तिथे ऑटो, बिटस्ट्रीम, पासथ्रू किंवा डॉल्बी डिजिटल यांपैकी जे असेल ते निवडा. तुमचा रिसीव्हर जुना असल्याने थेट डॉल्बी डिजिटल असा पर्याय दिसला तर तो सर्वांत सुरक्षित. ॲपमधून डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे त्याचाच नवा प्रकार, आलं तरी टीव्ही ते बदलून देतो. हे गाठोडं किती घट्ट बांधलेलं असतं बघा: सीडीवरचे दोन चॅनल सेकंदाला १,४११ किलोबिट घेतात आणि डीव्हीडीवरचं डॉल्बी डिजिटल ५.१ जास्तीत जास्त ४४८ किलोबिटमध्ये बसतं. म्हणूनच ते साध्या एआरसीमधून किंवा ऑप्टिकल केबलमधूनही जातं. ट्रूएचडीसारखं मोठं गाठोडं मात्र तिथून जात नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीचा जास्त क्षमतेचा नवा प्रकार, लागतं किंवा प्लेअर थेट रिसीव्हरला जोडावा लागतो. डीटीएसचंही लक्षात असू द्या. बरेच टीव्ही ते पुढे पाठवत नाहीत. पेनड्राइव्हवरचा सिनेमा मुका झाला तर कारण बहुधा हेच.

टीव्ही सरळ केल्यावर ॲपमध्ये जाऊन त्या सिनेमाचा ऑडिओ मेनू उघडा. मूळ भाषेपुढे ५.१ लिहिलेलं असतं आणि हिंदी किंवा मराठी डबिंगपुढे काहीच नसतं, असं पुष्कळदा दिसतं. डब केलेला ट्रॅक स्टीरिओच असतो. तुम्ही सिनेमा तोच बघताय, पण आत येणारा आवाज वेगळा आहे. डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल दिसलं तरी चौकोन मोजा, कारण डॉल्बी डिजिटल दोन चॅनलचंही असतं. आणि पाचही चौकोन पेटलेले असूनही मागे शांतता असेल तर थोडा वेळ थांबा. दोन माणसं खोलीत बसून बोलतात त्या प्रसंगात मागे काही नसतंच. पाऊस, गर्दी, आगगाडी आली की मागचे स्पीकर जागे होतात. मागचा आवाज सतत यायला हवा या समजुतीतूनच माणसं मल्टी चॅनल स्टीरिओकडे वळतात. पाच चॅनलच्या सिनेमात मागची शांतताही साउंड डिझायनरने ठरवलेली असते.

मग रिमोट. तुमच्या कंपनीनुसार नाव बदलेल. यामाहावर स्ट्रेट, सोनीवर ए.एफ.डी., काहींवर ऑटो. या मोडमध्ये जे आत आलं ते जसंच्या तसं सोडलं जातं. ५.१ सिनेमा, ५.१ मालिका यांच्यासाठी हाच, दुसरा नको. डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट या नावांना भुलू नका. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ते लावलं की स्पीकरचं आकारमान आणि सबवूफरची वाटणीही बाजूला पडते आणि छोट्या स्पीकरवर नको तेवढा भार येतो.

स्टीरिओ सिनेमा, डब केलेला ट्रॅक, टीव्हीवरच्या मराठी मालिका: प्रो लॉजिक टू मूव्ही. संवाद मधल्या स्पीकरला घट्ट बांधला जातो, आणि आईला नेमकं तेच हवंय. गाण्यांसाठी प्रो लॉजिक टू म्युझिक. त्यात सेंटर विड्थ नावाचं सेटिंग सापडेल, ० ते ७. शून्यावर गायक पूर्ण मधल्या स्पीकरमध्ये, सातवर पूर्ण डाव्या-उजव्यात. मूळ ३ वर असतं, मी बहुतेक घरांत ४ किंवा ५ ठेवतो, कारण मधला स्पीकर सहसा डाव्या-उजव्यापेक्षा लहान असतो आणि गायकाचा आवाज त्यात चिमटतो. निओ सिक्स म्युझिक पुढच्या दोन स्पीकरना फारसा हात लावत नाही, म्हणून शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्यांना ते जास्त रुचतं. शिवाय निओ सिक्स आवाजाचे वेगवेगळे पट्टे करून प्रत्येक पट्ट्याची दिशा स्वतंत्र ठरवतं. प्रो लॉजिक टू सगळा आवाज एकत्र हलवतं. त्यामुळे एकाच वेळी समोर संवाद आणि मागे पाऊस असेल तर निओ सिक्स सिनेमा कधी कधी जास्त स्वच्छ वाटतो. दोन्ही लावून बघा, इथे कान सांगेल ते खरं.

मोबाइलवर शूट केलेलं दशावतारी नाटक असेल तर प्रो लॉजिक टू मूव्ही आवर्जून लावा. मी माझ्याकडच्या रेकॉर्डिंगवर पुष्कळदा ऐकलंय. पात्राचं बोलणं आणि पखवाज मधोमध राहतात, आणि देवळासमोरच्या लोकांची कुजबुज, टाळ्या, मध्येच रडणारं मूल, हे हळूच आपल्या मागे सरकतं. मंडपात बसल्यासारखं वाटतं, आणि यासाठी कोणी काही मिक्स केलेलं नसतं.

मल्टी चॅनल स्टीरिओ कायमचा मोडीत काढू नका. गणपतीत आरतीला माजघरभर माणसं उभी असतात, कोणी पडवीत, कोणी स्वयंपाकघराच्या दारात, तेव्हा सगळीकडे सारखा आवाज हवा असतो. तेव्हा तो लावा. स्टेडियम, चर्च वगैरे मी कोणाच्याही घरात वापरत नाही.

संवादाचं अजून थोडं राहिलंय, कारण मोड नीट झाल्यावरही तक्रार उरू शकते. मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला आहे का? बाहेर ओढा, कडेच्या बरोबरीला आणा. टीव्हीखाली गुडघ्यांच्या उंचीवर असेल तर पुढची बाजू लाकडाच्या चकतीने उचलून बसलेल्या माणसाच्या कानाकडे रोखा. मग सेटिंगमध्ये सेंटर लेव्हल २ ते ३ डेसिबलने वाढवा. मागच्या स्पीकरची अंतरं टेपने मोजून भरा. आवाज एका मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. पुढचे स्पीकर तुमच्यापासून ३ मीटर आणि मागचे १ मीटर असतील तर मागचा आवाज जवळजवळ ६ मिलिसेकंद आधी कानावर पडतो, आणि कान आधी आलेल्याकडे ओढला जातो. अंतर भरलंत की रिसीव्हर मागच्याला तेवढा थांबवतो. छोटे स्पीकर असतील तर सगळे स्मॉलवर ठेवून क्रॉसओव्हर, म्हणजे स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा; त्याखालचं सबवूफर सांभाळेल.

मागचे स्पीकर आपल्याकडे हमखास वाशाला टांगतात. उंदीर, मुलं, पाहुणे यांच्यापासून सुरक्षित म्हणून. ५.१ साठी ते बसायच्या जागेच्या बाजूला किंवा जरा मागे हवेत, समोरून मोजलं तर ९० ते ११० अंशांत, कानापेक्षा हात-दीड हात वर. त्याहून उंच नेऊ नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. मिरग लागला की कौलांवर, त्याहून जास्त पडवीच्या पत्र्यावर, जो आवाज होतो त्यात हळू संवाद बुडतात. तुम्ही आवाज वाढवता, पुढच्याच प्रसंगात स्फोट होतो आणि घर हादरतं. यासाठी नाईट मोड किंवा डायनॅमिक रेंज नावाचं सेटिंग आहे. ते मोठे आवाज आवळतं आणि लहान उचलतं. जुन्या रिसीव्हरमध्ये हे डॉल्बी डिजिटलच्या गाठोड्यासोबत आलेल्या सूचना वाचून काम करतं, पीसीएमवर नाही. म्हणजे टीव्ही पीसीएमवर असताना तुम्ही ते दाबून बघितलं असेल आणि काही फरक पडला नसेल तर कारण हेच. आता पडेल. जून ते सप्टेंबर ते चालूच ठेवा.

खोलीचंही बघा. चिऱ्याच्या भिंतींना गुळगुळीत गिलावा आणि खाली टाइल्स असतील तर शब्द भिंतीवरून परत येऊन एकमेकांवर चढतात. समोर सतरंजी, मागच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी लटकवलीत तर कुठल्याही मोडपेक्षा जास्त फरक पडेल. चार ठिकाणी स्वतः करून बघितलंय.

आणि खारी हवा. किनाऱ्यालगतच्या घरांत स्पीकरच्या वायरची टोकं वर्ष-दोन वर्षांत हिरवी पडतात. मग एखादा स्पीकर मध्येच गप्प होतो, परत बोलतो, आणि माणूस रिमोटवर मोड बदलत बसतो. दर दिवाळीच्या आसपास रिसीव्हरचा प्लग काढून टोकं कापून नवी सोला, वायर जिथे बसते त्या खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवीन वायर घेणार असाल तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या, होड्यांवर वापरतात ती. गडगडायला लागलं की डिशची केबलही काढून ठेवा. विजेच्या प्लगइतकीच तीही धोक्याची.

शेवटी ॲटमॉस. हे तंत्र थिएटरमध्ये २०१२ साली आलं आणि घरांत २०१४ पासून. त्यात आवाज डोक्यावरूनही येतो, आणि छान येतो यात शंका नाही. पण तुमचा रिसीव्हर ॲटमॉसचा नसला तरी सिनेमा मुका होत नाही. ॲपमधून येणाऱ्या ॲटमॉसच्या आत ५.१ चा पूर्ण आवाज असतोच, तोच तुमच्यापर्यंत येतो. वरचा थर तेवढा वेगळा मिळत नाही, त्यातले आवाज खालच्या स्पीकरमध्ये सामावून येतात. नवा घ्यायचाच असेल तर आधी वर बघा. दुकानदार वरच्या दिशेने आवाज फेकणारे स्पीकर दाखवेल. ते छतावरून आवाज परतवून खाली आणतात, त्यासाठी छत सपाट आणि टणक हवं. उतरत्या कौलांखाली ते जमत नाही. आवाज वाशांत आणि कौलांच्या फटींत विरतो. एका घरात हा खर्च झाल्यावर मला बोलावलं होतं, तेव्हा फार वाईट वाटलं. स्लॅबची खोली असेल तर ठीक, नाहीतर स्पीकर वर टांगूनच लावावे लागतील. पैसे खर्च करायचेच झाले तर मी आधी चांगला मधला स्पीकर घेईन. रोजच्या रोज आईला त्याचाच उपयोग होईल.

आज संध्याकाळी एवढंच करा: टीव्हीचं आउटपुट पीसीएमवरून काढा, ५.१ लिहिलेला एखादा सिनेमा लावा, रिमोटवर ऑटो किंवा स्ट्रेट दाबा आणि डिस्प्लेवरचे चौकोन मोजा. तरीही पीसीएमच दिसलं तर केबल टीव्हीच्या मागे चुकीच्या खाचेत आहे का ते बघा. ज्या एचडीएमआयवर एआरसी छापलेलं असतं त्याच एका खाचेतून आवाज परत येतो. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे एचडीएमआय कंट्रोल चालू लागतं, ते बंद असेल तर चालू करून दोन्ही एकदा बटणावरून बंद करून परत लावा. आईच्या मालिकांसाठी रिमोटवर प्रो लॉजिक टू मूव्हीच्या बटणाला नखाएवढा लाल रंग लावून ठेवा. आमच्या घरी तसाच लावलाय.